बादलगंजचा उंट बोलला

"शी! वाट लावली! गुपचुप, अरे, पार वाट लावली रे तुझी!"

शर्मिष्ठा हे चांगलं मोठ्यानं बोलली. लखनऊमधल्या निशातगंजच्या बाजारात, टीव्हीच्या दुकानाबाहेर जमलेल्या गर्दीत मराठी कोणाला कळणार होतं? डिसेंबरातल्या रविवारची सकाळ होती. धुकं असं दाट, की समोरच्या मिठाईवाल्याची पाटी दिसत नव्हती, नुसता जिलबीचा वास येत होता. दुकानाच्या काचेमागे लहानमोठे टीव्ही ओळीनं मांडलेले, आणि त्या सगळ्यांवर एकच उंट... तोंड उघडून भाषण करत होता.

"इतकं वाईट आहे?"

मागून प्रश्न आला. चक्क मराठीत!

शर्मिष्ठा गर्रकन वळली. राखाडी मफलर गुंडाळलेला एक उंच मुलगा तिच्याकडे बघत होता. चेहरा असा, की जणू आत्ता त्याचा परीक्षेचा निकाल लागणार आहे.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"अलीगंजला राहतो. पण ते सोडा. खरंच इतकं वाईट आहे?"

"नुसतं वाईट असतं तर मी केव्हाच घरी गेले असते," शर्मिष्ठा म्हणाली. "हे बघून रडू येतंय, म्हणून जाता येत नाहीये."

'बादलगंज' ही कागदी चित्रांची मालिका होती. चित्रं कापायची, टेबलावर मांडायची, केसभर सरकवायची आणि एकेक छबी टिपायची – अशी केलेली. दर रविवारी सकाळी फक्त पाच मिनिटं लागायची, कधी नवा भाग, तर कधी जुनाच. लखनऊच्या वर एका ढगावर वसलेला मोहल्ला. तिथे राहणारी टुन्नी नावाची मुलगी. शिंकला की अख्खा ढग पुढे सरकवणारा हवालदार छींकसिंह. आणि गुपचुप नावाचा उंट. गुपचुप कधीच बोलायचा नाही. मान वळवायचा, फार तर एक कान हलवायचा. ढगावर उंट आला कसा, हे दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणाचं अडलंही नव्हतं.

मालिका सुरू झाली तेव्हा शर्मिष्ठा आठवीत होती. आता ती अलीगंजच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होती, तरी रविवारची ती पाच मिनिटं तिनं कधी चुकवली नव्हती. आज तर दहाव्या वाढदिवसाचा विशेष भाग, तोही तब्बल एक तासाचा! पण घरचा टीव्ही आदल्या दिवशी बिघडला. तिचे बाबा, भास्करराव, मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत इंजिनिअर. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासानं टीव्ही उघडला, आणि त्यानंतर तो अजिबातच लागेना. म्हणून ती टेम्पो, म्हणजे इथली सहा जणांची रिक्षा, पकडून इथवर आली होती... आणि काचेवर नाक दाबून हे बघत होती.

तो तास कसाबसा संपला. गर्दी पांगली. "टाइम खराब कर दिया," कोणीतरी जाता जाता म्हणालं, आणि मफलरवाल्याची मान जराशी खाली गेली.

"चहा घेणार?" त्यानं विचारलं. "मला... म्हणजे, ऐकायला आवडेल. का आवडलं नाही ते."

अनोळखी मुलानं चहाला बोलावलं तर काय करायचं, हे आईनं तिला नीट शिकवलं होतं. पण मन असं काठोकाठ भरलं होतं, की कोणाला तरी सांगितल्यावाचून ती टेम्पोत बसूच शकली नसती.

"भैया, दो चाय. अदरक ज़रा ज़्यादा," ती टपरीवाल्याला म्हणाली आणि याच्याकडे वळली. "पहिलं म्हणजे, तो सुटातला माणूस कशाला? 'आइए, यादों के सफ़र पर चलते हैं!' कुठे चलते हैं? आम्ही तिथेच होतो की! मग टुन्नीच्या हातात जाहिरातीचा बिस्किटाचा पुडा. मग सगळे एकेक करून येतात, हात हलवतात, टाळ्या... आणि गुपचुप ढगावर कसा आला, तर म्हणे जादूगाराचा शाप! कोणी विचारलं होतं?"

"बऱ्याच लोकांनी," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... विचारत असतील ना? दहा वर्षं. गुपचुप कधी बोलणार, हेही."

"विचारणारच! मी पण विचारायची. पण उत्तर कोणाला हवं होतं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. कपातली वाफ त्याच्या चष्म्यावर चढली होती, ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"एक भाग होता," शर्मिष्ठाचा आवाज आपोआप खाली आला. "टुन्नीचे पाय गारठलेले असतात. ती कोणाला सांगत नाही. गुपचुप नुसता खाली बसतो. बस्स. ती त्याच्या पोटाशी पाय खुपसून झोपून जाते. आम्ही तेव्हा नुकते नागपूरहून आलो होतो. वर्गात माझ्या हिंदीला सगळे हसायचे... आणि मला वाटायचं, आपल्यालाही एक उंट हवा. घरी आल्यावर काहीही न विचारता नुसता खाली बसणारा. आज तो काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"सच्ची दोस्ती में शब्दों की ज़रूरत नहीं होती," तो पुटपुटला.

"हो! आणि शब्दांची गरज नसते, हे सांगायला त्यानं केवढं भाषण ठोकलं! ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय मला – बाबा रे, तू कधी बघितलं तरी होतंस का बादलगंज?"

मुलाला जोरदार ठसका लागला. चहा मफलरवर सांडला.

"बघितलं असेल बहुतेक," श्वास परत आल्यावर तो म्हणाला. "मी हर्षवर्धन."

"शर्मिष्ठा. तुम्ही काय करता?"

"कागद कापतो."

"छापखाना?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला आणि बोटांवर वाळलेला डिंक नखानं खरवडू लागला.

शाळेत जाताना शर्मिष्ठाला निशातगंजला टेम्पो बदलावा लागायचा. सोमवारी सकाळी धुक्यातून एक राखाडी मफलर बाहेर आला.

"अरे! तुम्ही इथे?"

"इथून चाललो होतो," हर्षवर्धन म्हणाला.

मंगळवारीही तो इथूनच चालला होता. बुधवारी तर शर्मिष्ठानं दोन टेम्पो मुद्दाम जाऊ दिले, कारण तो अजून इथून चालला नव्हता.

"आज उशीर?" तो धापा टाकत आल्यावर तिनं विचारलं.

"म्हणजे तू थांबली होतीस?"

"छे! टेम्पोला गर्दी होती."

तिच्यासमोर एक रिकामा टेम्पो कंडक्टरच्या "अलीगंज, अलीगंज!" अशा आरोळ्यांसकट उभा होता. हर्षवर्धननं त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि नुसता हसला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे मात्र दोघांनाही आठवलं नसतं.

एका रविवारी, अपूर्वा या मैत्रिणीकडे जाते असं आईला सांगून, ती त्याच्याबरोबर जुन्या शहरातल्या चौकात मक्खन मलाई खायला गेली. थंडीच्या पहाटे दुधाच्या फेसाची करतात ती केशरी, हलकी मलाई – जिभेवर ठेवावी तर आहे की नाही कळू नये.

"तुझ्या नाकावर ढग लागलाय," हर्षवर्धन म्हणाला.

"कुठे?"

"थांब..." त्यानं बोट पुढे केलं, आणि अर्ध्यावरच थांबवून खिशातला रुमाल काढून दिला. शर्मिष्ठाला तो रुमाल अजिबात आवडला नाही.

"माझ्या वर्गातली मुलं काय म्हणाली सांगू, त्या विशेष भागाबद्दल?" तिनं नाक पुसत विचारलं. "एक म्हणाली, मैम, गुपचुप की आवाज़ मेरे फूफाजी जैसी थी!"

उंटाचा आवाज आत्याच्या नवऱ्यासारखा! हर्षवर्धन इतका हसला, की शेजारचे लोक बघायला लागले.

"आणि दुसरी म्हणाली, मैम, सब लोग ताली क्यों बजा रहे थे? हुआ तो कुछ था ही नहीं."

त्याचं हसू एकदम थांबलं. हातातला द्रोण त्यानं खाली ठेवला.

"शर्मिष्ठा... मला तुला काहीतरी सांगायचंय."

आलंच ते! सगळा चौक – सायकली, घंटा, आरोळ्या – कुठेतरी लांब गेला. तिनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

"सांग ना."

त्यानं द्रोण पुन्हा उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही... पुढच्या वेळी."

ओढणी बोटावरून सुटली. परतीच्या वाटेवर शर्मिष्ठा मनातल्या मनात म्हणत होती, पुढच्या वेळी तर पुढच्या वेळी. जातोय कुठे?

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात तिळगुळाचा कार्यक्रम असायचा. मानक नगरहून मंडळ लांब पडायचं, त्यामुळे शर्मिष्ठाच्या घरचे वर्षातून तेवढं एकदाच जायचे. यंदा तर शर्मिष्ठानंच घाई केली, कारण 'बादलगंज'चे कर्ते नरहर सबनीस सर यांचा सत्कार होता. हे नाव ती दहा वर्षं टीव्हीवर वाचत आली होती. काळी साडी, केसांत गजरा, हातात हलव्याची पुडी – ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सर उठले. पांढरी दाढी, हसरे डोळे, आणि सारखे थरथरणारे हात.

"हार चुकीच्या गळ्यात पडतोय," ते म्हणाले. "माझे हात बघताय ना? वर्षभर झालं, कात्री धरता येत नाही. आता सगळं माझा विद्यार्थी करतो. परवाचा तो एक तासाचा विशेष भाग – लिहिण्यापासून कापण्यापर्यंत – सगळा याचाच. हर्षवर्धन! ये वर. लपू नकोस."

टाळ्या झाल्या. राखाडी मफलर मंचावर चढला. त्याची नजर पहिल्या रांगेवर पडली आणि तिथेच खिळली.

शर्मिष्ठाच्या हातातली पुडी फाटून हलवा जमिनीवर सांडला होता.

तो तिला दाराबाहेर, चपलांच्या ढिगाऱ्यापाशी गाठू शकला.

"शर्मिष्ठा, ऐक तरी—"

"कागद कापतो! छापखाना! आणि मी तुझ्याच तोंडावर तुला शिव्या घालत बसले! मजा आली असेल ना?"

"मजा?" तो कळवळून म्हणाला. "सगळे पाठ थोपटत होते गं. वा, छान, बढ़िया! म्हणून तर त्या दिवशी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो... अनोळखी माणसांचे चेहरे बघायला. तू एकटीच खरं बोललीस. मी कोण ते कळलं असतं, तर तूही छान म्हणाली असतीस."

"म्हणजे मी तुझा पेपर तपासत होते? आणि मक्खन मलाई त्याची फी?"

"नाही! चौकात मी तेच सांगणार होतो..."

"तेच? तिथे मला वाटलं होतं, की तू—" शर्मिष्ठानं ओठ घट्ट मिटले.

"की मी काय?"

"काही नाही!" असं म्हणून तिनं पायाला येतील त्या चपला घातल्या आणि ती ताडताड निघून गेली.

तिच्या मागून घरी आल्यावर तिची आई, कांचनताई, दारातच थबकल्या. "शर्मिष्ठे, ही उजवी चप्पल कोणाची?"

डावी तिची होती. उजवी तपकिरी, पुढे फूल असलेली, दुसऱ्याच कोणाची तरी.

दुसऱ्या दिवशी मंडळातून फोन आला. चप्पल सबनीस सरांच्या पत्नीची, मंजिरीकाकूंची होती. त्या बिचाऱ्या शर्मिष्ठाची एक आणि स्वतःची एक घालून घरी गेल्या होत्या. आता चप्पल परत करायला जायलाच हवं होतं. शर्मिष्ठानं स्वतःला बजावलं, चप्पल द्यायची, माफी मागायची, वर बघायचंही नाही.

निशातगंजमधल्या गल्लीत, रजयांच्या दुकानाशेजारी सरांचं घर होतं. मंजिरीकाकूंनी तिला बसवून घेतलं, हातात तिळाची वडी ठेवली.

"तूच ना ती, टीव्हीच्या दुकानाबाहेर भेटलेली?" सरांनी विचारलं.

शर्मिष्ठा कानापर्यंत लाल झाली. "त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"सगळं. शब्दन् शब्द. महिनाभर मी दुसरं काही ऐकलेलंच नाही," सर हसले. मग हसू मावळलं. "बरोबरच होतं तुझं. मलाही तेच वाटलं होतं, पण सांगायला जीभ रेटली नाही. त्यानं फार जीव लावून केलं होतं गं. आता दिल्लीला चाललाय. जाहिरात कंपनीत. टूथपेस्ट नाचवणार म्हणे."

"आणि बादलगंज?"

"संपलं. कोण करणार?"

वडी तिच्या हातातच राहिली. "म्हणजे... शेवटचं म्हणून तेच राहणार? ते भाषण?"

सरांनी मान हलवली. शर्मिष्ठा उठली. वर बघायचं नाही म्हणून आलेली ती मुलगी दोन-दोन पायऱ्या चढत माडीवर गेली.

खोलीत डिंकाचा वास होता. मध्ये मोठं टेबल, आणि त्यावर छताला टांगलेला, खाली तोंड केलेला कॅमेरा. हर्षवर्धन कागदी उंटाचे तुकडे – मान, कान, चारी पाय – एका पत्र्याच्या डब्यात भरत होता. एवढासा होता गुपचुप! तळहातावर मावेल इतका. टीव्हीवर केवढा वाटायचा!

"तू दिल्लीला जाणार?"

तो दचकला. "तू... इथे?"

"चप्पल द्यायला आले होते. जाणार?"

"जमलं नाही मला," तो डब्याकडे बघत म्हणाला. "दहा वर्षांत लोकांनी जे जे मागितलं, ते सगळं घातलं होतं मी त्यात. गुपचुपला बोलतं करा, केलं. गाणं घाला, घातलं. एकाचंही मन मोडलं नाही. वाटलं होतं, सगळे खूश होतील..."

आणि मग शर्मिष्ठाचा राग कुठे गेला, ते तिलाच कळलं नाही. ती त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"म्हणून तर झालं तसं. तू सगळा वेळ आमच्याकडे बघत होतास, हर्ष. आम्ही हसतोय का, आवडतंय का, टाळ्या वाजवू का... टुन्नीकडे कोणी बघितलंच नाही."

डब्याचं झाकण लावता लावता त्याचा हात थांबला.

"एक भाग कर," ती म्हणाली. "पाच मिनिटांचा. मग खुशाल जा आणि नाचव टूथपेस्ट."

"एकट्यानं होत नाही गं ते. एकानं चित्र सरकवायचं, दुसऱ्यानं कॅमेरा. बटण आजवर सर दाबायचे, आता त्यांचे हात..."

"माझे हात थरथरत नाहीत."

"आणि गोष्ट? मला एकसुद्धा गोष्ट सुचत नाहीये."

तेवढ्यात गच्चीतून मंजिरीकाकूंचा वैतागलेला आवाज आला, "आठवडा झाला, ऊन म्हणून नाही! पापड वाळत नाहीत मेले!"

हर्षवर्धननं वर बघितलं. शर्मिष्ठानं हर्षवर्धनकडे बघितलं.

"ढग अडलाय," तो सावकाश म्हणाला. "बादलगंज कोणाच्या तरी गच्चीवर येऊन अडलंय..."

"कारण छींकसिंहाला शिंकच येत नाहीये!"

"आणि खाली एका काकूंचे पापड..."

दोघं एकदम हसली. हर्षवर्धननं डबा टेबलावर उपडा केला.

त्यानंतर शाळा सुटली की शर्मिष्ठा निशातगंजला उतरायची. घरी तिनं खरं ते सांगून टाकलं होतं. "तो बँकेतल्या राजारामपंतांचा मुलगा ना? चांगला आहे दिसायला," एवढंच म्हणून कांचनताईंनी भाजी चिरायला घेतली होती, आणि भास्कररावांना मात्र कॅमेरा छताला कसा टांगलाय याचंच जास्त कुतूहल होतं.

काम किती संथ होतं! पापड उलटायचा तर एक अख्खी दुपार जायची. शर्मिष्ठा चिमट्यानं चित्र केसभर सरकवायची, हात मागे घ्यायची. हर्षवर्धन बटण दाबायचा – खट्. पुन्हा सरकवायची. खट्. श्वाससुद्धा जपून घ्यायचा, नाहीतर कागद उडायचा. दोघांची डोकी टेबलावर जवळजवळ वाकलेली असायची, आणि त्याच्या श्वासाची ऊब तिच्या गालाला लागायची... तेव्हा मात्र तिच्या चिमट्याची जरा पंचाईत व्हायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शेवटचा प्रसंग राहिला होता. गुपचुप काही न बोलता छींकसिंहाकडे पाठ करून उभा राहतो आणि शेपटीचं टोक त्याच्या नाकाखाली फिरवतो.

"दिल्लीला कळवलं मी," हर्षवर्धन म्हणाला. खट्.

"काय?"

"नाही."

"नाही कळवलं, की 'नाही' म्हणून कळवलं?"

"'नाही' म्हणून कळवलं. शेपूट जरा वर."

तिनं शेपूट वर केलं. हात स्थिर ठेवायला तिला सगळी शक्ती लागत होती. खट्.

"बादलगंजसाठी?" तिनं विचारलं.

"अर्धं बादलगंजसाठी." खट्. "शर्मिष्ठा, त्या दिवशी चपलांपाशी तू म्हणालीस, चौकात तुला वाटलं होतं, की मी... आणि थांबलीस. काय वाटलं होतं?"

डोळे शेपटीवरून काढता येत नव्हते, हे एका परीनं बरंच झालं. नाहीतर तिला ते सांगताच आलं नसतं.

"वाटलं होतं... तू म्हणशील, की मी तुला आवडते."

खट् झालं नाही.

"बटण दाब ना," ती कुजबुजली.

"दाबतो. पण आधी... मी बरंच काही ठरवून ठेवलंय बोलायचं. म्हणजे, सुरुवातीपासून—"

"हर्ष! भाषण नको!"

"नको?" तो गोंधळला. मग हसला, आणि मग हसणंही थांबलं. "आवडतेस. खूप आवडतेस. काचेवर नाक दाबून उंटाला रागवत होतीस ना, तेव्हापासून."

बाहेर रजईवाल्याच्या कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज चालू होता. शर्मिष्ठाच्या हातातून चिमटा गळून पडला. तिनं हात पुढे केला – टेबलावरून, बादलगंजच्या छपरांवरून – आणि त्यानं तो अर्ध्या वाटेत धरला. त्या गडबडीत त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर पडला, हे दोघांनाही कळलं नाही.

"मलाही," ती म्हणाली. अगदी हळू, कागद उडू नये म्हणून.

रीळ धुऊन यायला दोन आठवडे लागले. रविवारी भाग लागण्याआधी सरांनी तो घरच्या भिंतीवर दाखवला. मंजिरीकाकू, हर्षवर्धन आणि शर्मिष्ठा सतरंजीवर बसले. पाच मिनिटांत ना कोणी हात हलवला, ना कोणी टाळ्या वाजवल्या. चित्रातल्या काकूंचे पापड भिजले, टुन्नीनं ढग ढकलून बघितला, छींकसिंह हवालदिल झाला. शेवटी गुपचुपनं नुसती पाठ फिरवली, आणि अशी काही प्रचंड शिंक आली, की मंजिरीकाकू पोट धरून हसल्या.

"हं," सर गंभीरपणे म्हणाले. "पण हे काय? शिंकेच्या जरा आधी?"

त्यांनी प्रोजेक्टर मागे फिरवला आणि एका चित्रावर थांबवला. भिंतीवर बादलगंज होतं, आणि त्याच्या छपरांवर, आभाळाएवढे, एकमेकांत गुंतलेले दोन हात.

शर्मिष्ठाला सतरंजीखाली जावंसं वाटलं.

"हा एक हात तुझा, हर्षवर्धन. बोटाला डिंक दिसतोय," सर म्हणाले. "दुसरा कोणाचा?"

"माझ्या होणाऱ्या बायकोचा, सर," हर्षवर्धन म्हणून गेला.

"अरे वा!" शर्मिष्ठानं मान वर केली. "आणि मला कोणी विचारलं?"

"आत्ता विचारतोय ना."

"सगळ्यांसमोर?"

"मी चहा टाकते," असं म्हणत मंजिरीकाकू उठल्या, पण दारातून पुढे काही गेल्या नाहीत.

"एवढंसं चित्र आहे," सर भिंतीकडेच बघत म्हणाले. "डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाईल. कोणाला दिसणारही नाही. तरी म्हणत असाल तर कापून टाकू."

हर्षवर्धननं शर्मिष्ठाकडे बघितलं. त्याचा चेहरा पुन्हा निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा झाला होता. तिनं भिंतीवरच्या त्या दोन हातांकडे नीट, सावकाश बघून घेतलं.

"नका कापू," ती म्हणाली. "चांगले दिसतायत. राहू द्या."

"म्हणजे?" हर्षवर्धननं घाबरत घाबरत विचारलं.

"म्हणजे हो, वेड्या!"

दारातून काकूंच्या बांगड्या वाजल्या. सरांनी काही न बोलता बटण दाबलं. रीळ पुढे निघालं, ढग हलला, आणि भिंतीवरच्या काकूंच्या गच्चीत लख्ख ऊन पडलं.